सप्रे मास्तर

रायपुरात रिक्षावाल्याला ‘सप्रे स्कूल’ एवढं सांगितलं की पुरतं. तो बुढापारा वस्तीकडे रिक्षा वळवतो आणि तिथल्या तलावाच्या अंगाने शाळेशी आणून सोडतो. शेजारच्या मैदानालाही सप्र्यांचंच नाव आहे. माधवराव सप्रे या नावापुढे चरित्रकोश पत्रकार, कथाकार, निबंधकार, अनुवादक अशी बिरुदं लावतात आणि ती सगळी खरी आहेत. तरी मला ते आधी मास्तर वाटतात. बाकीचं सगळं त्या मास्तरकीला फुटलेल्या फांद्या.

जन्म १९ जून १८७१चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी. घर मराठी. प्राथमिक शाळा बिलासपूरला आणि पुढचं शिक्षण रायपूरच्या हायस्कुलात. तिथे नंदलाल दुबे नावाचे शिक्षक भेटले आणि या मराठी मुलाला हिंदीची गोडी लागली. एका शिक्षकाने वर्गात लावलेलं ते वेड मुलाने जन्मभर जपलं. कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. झाल्यावर सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. त्या काळी या मुलखात पदवीधर असे होते किती! त्यांनी मात्र पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवायची महिना पन्नास रुपयांची नोकरी धरली आणि त्यातून शिल्लक टाकून मासिक काढलं.

ते मासिक म्हणजे जानेवारी १९००मध्ये निघालेलं ‘छत्तीसगढ मित्र’. पेंड्र्यात छापखाना नव्हता, म्हणून छपाई आधी रायपूरला आणि नंतर नागपूरला. सप्र्यांच्या जोडीला संपादक रामराव चिंचोलकर, आणि व्यवहाराची बाजू वामन बळीराम लाखे यांच्याकडे. हे तेच लाखे, ज्यांच्या नावाचं लाखेनगर आज रायपुरात आहे आणि ज्यांनी पुढे इथे सहकारी बँकेचा पाया घातला. हिंदी मासिक चालवणारी ही तिन्ही माणसं मराठी घरातली, याचा मला अभिमान वाटतो आणि तो लपवावा असंही वाटत नाही. मासिक तीन वर्षं चाललं. तोटा सोसवेना, तेव्हा १९०२च्या अखेरीस बंद पडलं.

पण त्या तीन वर्षांत सप्र्यांनी हिंदी पुस्तकांची परीक्षणं अशी लिहिली, की लेखकाला आपली वही तपासून परत मिळाल्यासारखं वाटावं. चूक कुठे, ती का, आणि गुण कशाला द्यायचे, सगळं उघड. स्तुतीची खिरापत वाटायची नाही आणि कुणाला झोडपायचंही नाही. हिंदीत समीक्षेची शिस्त रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात ते यामुळेच.

याच मासिकात १९०१ साली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. हिंदीतली पहिली कथा कोणती, या वादात तिचं नाव हटकून निघतं. कथा केवढी, तर पानभर. जमीनदाराला वाड्याचं आवार वाढवायचंय, म्हणून तो एका गरीब विधवेची झोपडी बळकावतो. म्हातारीची नात त्या घरावाचून अन्नाला शिवत नाही. म्हणून म्हातारी तिथली टोपलीभर माती न्यायला येते, त्या मातीची चूल घालून भाकरी भाजायची असते तिला. माती भरून झाल्यावर ती जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याला टोपली काही उचलत नाही. मग ती सांगते ते एवढंच, की ही एक टोपली पेलवत नाही, तर त्या सगळ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलणार? मला यात वर्ग दिसतो. व्याख्यान नाही, दटावणी नाही. टोपली पुढ्यात ठेवायची आणि विद्यार्थ्याला स्वतःच उचलून बघायला लावायचं.

१९०७ साली त्यांनी नागपुरातून ‘हिंद केसरी’ काढला आणि टिळकांची वाणी हिंदीत नेली. पुढच्याच वर्षी अटक झाली. थोरल्या भावाचा आग्रह टोकाला गेला आणि त्या दबावाखाली त्यांनी माफीपत्रावर सही करून सुटका करून घेतली. चरित्र सांगताना काही जण इथे घाई करतात. मला थांबावंसं वाटतं, कारण सप्रे स्वतः इथे थांबले. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. वर्ध्याच्या हनुमानगडावर श्रीधर विष्णू परांजप्यांच्या सहवासात दासबोधाची पारायणं केली. बी. ए. झालेला, संपादक म्हणून नावाजलेला हा माणूस माधुकरी मागून जेवला. जगाने त्यांना केव्हाच माफ केलं असावं, पण त्यांचा स्वतःचा हिशेब वेगळा होता.

आणि परत आले ते शिकवायलाच. दासबोध हिंदीत आणला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं टिळकांचं ‘गीतारहस्य’ १९१५ साली मराठीत निघालं, त्याचं हिंदी रूपही सप्र्यांच्याच हातचं. उत्तरेतल्या कितीतरी घरांत टिळक पोचले ते या रायपूरकराच्या हिंदीतून. त्याच सुमारास रायपुरात त्यांनी मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा सुरू केली. अनुवादाच्या थोर कामापुढे ही शाळा चरित्रात एका ओळीत उरकली जाते, याची मला खंत आहे. शंभर वर्षांपूर्वी या गावात मुलगी पाटी घेऊन घराबाहेर पडणं ही काय गोष्ट होती, हे आमच्या आज्या-पणज्यांनाच ठाऊक.

१९२०मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघालं. त्यामागे सप्र्यांची खटपट होती, पण संपादकाच्या खुर्चीवर त्यांनी बसवलं माखनलाल चतुर्वेदींना. पुढच्या पिढीच्या हाती खडू देऊन आपण बाकावर बसायचं, हे सगळ्याच मास्तरांना जमत नाही. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच ते गेले. वय पंचावन्नही पुरं नव्हतं.

आम्ही छत्तीसगडातली मराठी माणसं. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी, कचेरीत हिंदी. गणपतीत महाराष्ट्र मंडळात नाटक, दिवाळीला राऊत नाचा. आपण नक्की कुठले, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. सप्र्यांना हा प्रश्न कधी अडला असेल, असं त्यांच्या कामावरून वाटत नाही. रामदास आणि टिळक त्यांनी सोडले नाहीत, जवळचं होतं ते शेजाऱ्याच्या भाषेत ओतलं, आणि ज्या गावात राहिले त्या गावच्या मुलींची शाळा काढली.

त्यांची जयंती १९ जूनला येते. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडण्याचेच ते दिवस असतात. हारतुरे दरवर्षी होतातच. मंडळातल्या लोकांना माझं सांगणं आहे की, यंदा त्या दिवशी एखाद्या मुलींच्या शाळेत जाऊ, ती पानभर कथा मोठ्याने वाचून दाखवू आणि टोपली जमीनदाराला का उचलली नाही, हे मुलींनाच विचारू.