राजदूतची मापं

मे महिन्यातली रविवारची दुपार. अमरावतीत या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी कूलरसमोर फरशीवर बसलोय. मांडीत इंजिनाचं अर्धं केसिंग, त्यावर पॅकिंगचा जाड तपकिरी कागद, हातात गोल डोक्याची छोटी हातोडी. टक, टक, टक.

पॅकिंग कात्रीनं कापायचं नसतं, पेन्सिलनं आखायचंही नसतं. कागद केसिंगवर ठेवायचा आणि आधी बोल्टची दोन भोकं पाडायची. हातोडीचं गोल डोकं नेमकं भोकावर धरून एक ठोका दिला की शर्टाच्या गुंडीएवढी चकती आत पडते. त्या दोन भोकांत बोल्ट घालून ठेवले की कागद हलत नाही. मग काठाकाठानं हातोडी पाडत जायची. काठाची धारच कागद तोडते आणि केसिंगचा आकार आपोआप कागदावर उतरतो. ठोका जास्त झाला तर मात्र अ‍ॅल्युमिनियमची धार बसते, मग तिथून ऑइल जन्मभर पाझरत राहतं. ठोका किती द्यायचा, हे मला मिस्त्रीनं शब्दांत सांगितलं नव्हतं. त्यानं माझं मनगट धरलं, दोन ठोके माझ्याच हातानं मारून दाखवले आणि बिडी पेटवायला बाहेर गेला.

शेजारच्या काकूंना वाटत होतं, मी सुपारी फोडतोय.

गाडी बाबांची. मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी कोठ्यात ती सहा वर्षं उभी होती. बाबा गेले त्या दिवसापासून. ढेपीची पोती, फवारणीचा फुटका पंप, मोडका डवरा, आणि त्यांच्यामागे राजदूत. सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. किक दाबली तर तसूभर हलेना. पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. छोट्या हत्तीत घालून तिला अमरावतीला आणली तेव्हा आई दारात आली, एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून म्हणाली, "काऊन रे, आता हिलेही पेन्शन लावतं का?"

राजदूत ही फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची गाडी, पण तिचं माहेर पोलंड. तिथल्या एसएचएल एम-११ या मोटारसायकलवरून ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इकडे बनू लागली. १७३ सीसीचा एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर. १९७३च्या ‘बॉबी’त ऋषी कपूरनं तिची धाकटी बहीण पळवली आणि शहरातल्या पोरांना वेड लागलं. आमच्याकडे मात्र तिचं लग्न दुधाच्या कॅनशी लागलं. दोन्ही बाजूंना दोन कॅन, मागे ढेपीचं पोतं, टाकीवर एखादं पोरगं, आणि ती खड्ड्याखड्ड्यांतून फटफट करत मूर्तिजापूरला निघालेली. तिच्यापेक्षा देखणी येझदी होती, वेगानं पळणारी आरएक्स-१०० नंतर आली. पण वावरात नेऊन उभी करायची गाडी म्हटली की राजदूतच. मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे जिथं १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४पर्यंत धावली, त्या तालुक्यात १९७९ची मोटारसायकल म्हणजे जुनी कशी म्हणायची?

खोलायला घेतली तेव्हा ठरवलं होतं: ओरिजिनल करायची. मोबाइलवर जुन्या जाहिरातींचे फोटो साठवले. कुठला रंग, कुठली पट्टी, एम्ब्लेम कुठं, सगळी यादी केली. शिवाय सरकारनं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले आहेत. पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी तशी नोंदवता येते. आमची २०२९ला पन्नाशी गाठेल. तोवर दर पाच वर्षांनी आरसी बुक घेऊन आरटीओची पायरी चढणं आलंच. तिच्या नंबरात एमएच नाही. एमएच-२७, एमएच-३० हे आकडे १९८९नंतरचे. काउंटरवरचा पोरगा नंबर दोनदा वाचतो आणि मग साहेबाला हाक मारतो.

पण ओरिजिनल म्हणजे कधीचं? टाकी पॉलिश पेपरनं घासायला बसलो तेव्हा वरचा काळा रंग गेला, खाली लाल निघाला. हा माझ्या दहावीच्या वर्षीचा. तेव्हा बाबांनी पऱ्हाटी बरी पिकली म्हणून ती रंगवली होती. लालाखाली हिरवा. तो कधीचा, हे आईलाही आठवेना. हिरव्याखाली करडं प्रायमर, त्याखाली पत्रा, आणि डाव्या कुशीला मुठीएवढा पोचा, त्यात कुण्या वेल्डरनं भरलेलं शिसं. मी पोच्यावर बोट फिरवत बसलो. एकेका रंगाशी थांबून विचारावं, बाबा इथं काय झालं होतं? आणि मी तर सगळेच खरवडून काढत होतो.

तसं बाबांनी त्या गाडीचं काय केलं नव्हतं! क्लचच्या तारेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. हेडलाइटच्या मागे गाठ मारलेली वायर, तिला इन्सुलेशन टेपऐवजी हळदीच्या पुडीचं प्लास्टिक. डाव्या बाजूला कॅन अडकवायचा हूक, वखराच्या पासेचा तुकडा वाकवून केलेला. आणि पुढचं मडगार्ड मूळ जागेवर नव्हतंच. लोखंडी पट्ट्यांच्या आधारावर ते टायरपासून चांगलं वर उचललेलं. गाडी पुढून बघितली तर टोपी सरकलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची. मी पट्ट्या छन्नीनं तोडल्या, मडगार्ड फोटोतल्यासारखं खाली, टायरला लगटून बसवलं, आणि पट्ट्या भंगारवाल्याला दिल्या. दिसायला झकास दिसू लागलं. हूक तेवढा ठेवला, तोही वेल्डिंगवाला जेवायला गेला होता म्हणून.

टाकीच्या आतलं काम बाहेरच्यापेक्षा किचकट. आत गंजाचे पापुद्रे. त्यात मूठभर नट आणि धुतलेली बारीक गिट्टी टाकली, डिझेल ओतलं, आणि टाकी गोधडीत गुंडाळून आम्ही बाप-लेक आलटूनपालटून तिला पाळण्यासारखी हलवत बसलो. चार दिवस. काळा-तांबडा चिखल निघाला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या गाडीची टाकी आतून परत गंजू लागते. कार्बोरेटरमधली जुनी रबरंही फुगतात. म्हणून आता नियम केलाय, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर कोरडा करायचा. राजदूतला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं ते वेगळंच. बाबांचं माप: पाच लिटरला पावशेर. पंपावरची पोरं आता तोंडाकडे बघत राहतात. टू-स्ट्रोक गाडी त्यांनी पाहिलेलीच नाही; २०००नंतरच्या प्रदूषणाच्या नियमांनी तिचा बाजार उठवला.

माझ्या धाकट्या मुलाला मात्र दुसरंच काही हवं होतं. अकरावीत आहे. त्याच्या मते मागचं मडगार्ड अर्धं छाटायचं, हँडल खाली घ्यायचं, सीट चपटी करायची आणि सायलेन्सरची जाळी काढून टाकायची. शहरात पोलिसांनी असे फटाके फोडणारे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो मी त्याला दाखवले, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून दाखवलं. नोंदणीच्या कागदावरचं मूळ रूप बदलायचं नाही, असा त्याचा अर्थ. तो म्हणाला, "मग आजोबांनी बदललं ते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अमरेलीच्या मनसुखभाई जगाणींची गोष्ट सांगून वेळ मारून नेली. त्यांनी १९९४च्या सुमारास बुलेटचं मागचं चाक काढून तिथं शेतीची अवजारं जोडली आणि बैलाविना नांगरणी-कोळपणी करणारी तीनचाकी ‘बुलेट सांती’ बनवली. दुष्काळानं बैल परवडेनात म्हणून. धाकट्याला ती गोष्ट आवडली, पण हँडल खाली घेण्याचा हट्ट सोडला नाही. मला खरं सांगायचं तर त्या चपट्या सीटा बघवत नाहीत. गाडीवर माणूस बसलाय की टाकीवर पालथा पडलाय, कळत नाही.

स्पेअरसाठी मी अकोल्याच्या दोन चकरा केल्या, रिंगा दिल्लीच्या करोलबागेतून कुरिअरनं मागवल्या. सिलिंडर लेथवाल्यानं एक बोर वाढवून दिला. राहिलं टायमिंग. फ्लायव्हीलच्या आत पॉइंट असतात, दोन बारीक टाचण्यांसारखे. ते उघडतात त्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. मधली फट पुस्तकात मिलिमीटरच्या दशांशात दिलेली. माझ्याकडे नवी कोरी फीलर गेज होती. मिस्त्री हसला, खिशातलं जुनं पोस्टकार्ड काढलं आणि म्हणाला, "तुम्हारे वालिद इससे लगाते थे, भाऊ." मी म्हटलं, नाही, आपण पुस्तकाप्रमाणे लावू.

पुस्तकाप्रमाणे लावलं. प्लेट जराशी जास्त फिरली असावी. रविवारी सकाळी अंगणात किक मारली. तिसऱ्या किकला पायाला उलटा झटका बसला आणि गाडी चालू झाली! निळा धूर, तोच तेलकट गोड वास. क्षणभर मला बाबा फाटकात उभे असल्यासारखं वाटलं. धाकटा मोबाइलवर शूटिंग करू लागला. मी बसलो, क्लच दाबून पहिला टाकला, हळूच सोडला, आणि राजदूत मागे निघाली. मागे आईनं जुन्या लुगड्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यातून थेट तुळशीवृंदावनापर्यंत.

याला करणी वगैरे काही नाही. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरची दारं पिस्टनच वरखाली होताना उघडतो-झाकतो, त्यामुळे इंजिनाला उलटं-सुलटं कळत नाही. ठिणगी जरा आधी पडली आणि किक जरा हलकी बसली, तर पिस्टन वर पोचायच्या आतच परत ढकलला जातो आणि इंजिन उलटं फिरू लागतं. आवाज तोच, धूर तोच. गिअर टाकेपर्यंत पत्ता लागत नाही. आई पदर तोंडाला लावून हसत होती. "तुह्या बापालेही एकडाव अशीच मांगं नेली होती इनं. सासऱ्याच्या दारात!" हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पोस्टकार्ड त्यानंतरचं असणार.

संध्याकाळी मिस्त्रीनं पोस्टकार्डाचा कोपरा पॉइंटमध्ये घालून प्लेट मागे घेतली. नीट बसली. फीलर गेज आता कपाटात आहे.

जुलैत, झड उघडल्यावर, तिला घेऊन गावी निघालो. बडनेरा सोडलं आणि गुळगुळीत महामार्ग लागला. याच रस्त्यावर लोणी ते माना या टप्प्यात जून २०२२ला एका लेनच्या हिशोबानं सलग ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेसचा विक्रम झाला होता. त्यावरून माझी राजदूत चाळीसच्या वेगानं चालली होती. ट्रकवाले हॉर्न देत, वाकून बघत आणि हात हलवून पुढे जात. एका गाडीतून कुणी तरी ओरडलं, "काका, विकता का?" माना मागे पडलं. दोन्हीकडे गुडघ्याएवढी पऱ्हाटी. कुठं डवरे चालू होते, कुठं अजून ओलं होतं. आयुष्यात एवढं हलकं फार थोड्या वेळा वाटलंय.

गावाबाहेर डांबर संपलं आणि वावराची वाट आली. शंभर पावलं गेलो असेन. पुढचं चाक जड झालं, मग हँडल थरथरलं, मग गाडी जागेवर उभी राहिली. चाक फिरेचना. खाली उतरून पाहिलं, काळ्या मातीचा लोण्यासारखा गोळा टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसलेला. आमची माती वाळली की भेगा पडून माणसाचा पाय अडकवते आणि भिजली की चिकटून चाक धरते. पऱ्हाटीची काडी घेतली, ती मोडली. पेचकस घातला, माती निघाली, पाच पावलं गेलो, परत तेच. तिसऱ्यांदा खाली बसलो तेव्हा मला भंगारवाल्याचा तराजू आठवला, आणि त्यात टाकलेल्या त्या पट्ट्या.

वावर बटईनं करणारे काका धुऱ्यावरून येत होते. बाबांच्या वयाचे, त्यांचे जिवलग. दुरूनच ओरडले, "थे पट्ट्या कुठी गेल्या बे?" मी मान खाली घातली. मग दोघांनी मिळून तिला ढकलत, खरवडत कोठ्यापर्यंत नेलं. काकांनी जुन्या वखराची पट्टी आणि आरी पुढ्यात टाकली. मी मडगार्डचे बोल्ट ढिले केले, ते वर उचलून धरलं आणि विचारलं, किती वर?

"चार बोटं. तुह्या बापानं इथीच बसून मापले होते."

मी टायर आणि पत्र्याच्या मध्ये हात घातला, चार बोटं आडवी धरली. बरोबर वाटलं. काकांनी वाकून माझा हात पाहिला, बराच वेळ पाहिला.

"त्याचे बोटं जाड होते," ते म्हणाले. "तू पाच धर."