आवाज मोठा नको, शब्द स्पष्ट हवा



घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असलं की टीव्हीच्या आवाजावरून कुरबुर होतेच. आमच्या लातूरच्या घरी सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. आचार्यश्री विद्यासागर महाराजांची १८ फेब्रुवारी २०२४ला डोंगरगडला समाधी झाली. तेव्हापासून त्यांच्या जुन्या प्रवचनांचं रेकॉर्डिंग लागलं की त्या हमखास समोर बसायच्या. आवाज कितीही वाढवला तरी म्हणायच्या, "ऐकू येतं गं, पण काय म्हणतात ते कळंना." पुढे त्यांनी विचारणंही सोडलं. नुसते हात जोडायच्या आणि उठून जायच्या. मला तेच लागलं.

यामागचं कारण साधं आहे. वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त ही अक्षरं त्यातच निसटतात. म्हणून बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाही. त्यात आताचे टीव्ही पातळ, त्यांचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाज वाढवला की घुमणं तेवढं वाढतं.

मुलाने घेतलेलं होम थिएटर कपाटात पडून होतं. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि घुमाऱ्याचा एक सबवूफर. यातला मधला स्पीकर मुख्यतः बोलण्यासाठीच असतो. आपल्याला हवा तोच!

जोडताना आधी दोन्ही यंत्रं बंद करा. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर 'एआरसी' लिहिलंय, तीच निवडा. ही सोय २००९मध्ये आली. होम थिएटरवरही एआरसीची खाच असेल, तर दोन्हींमध्ये एकच एचडीएमआय केबल पुरते. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' चालू करा आणि आवाज टीव्हीच्या स्पीकरवरून बाहेरच्या यंत्रावर वळवा.

नांदेडला माझ्या दादाकडचा संच जुना, त्यावर एआरसी नाही. तिथे ऑप्टिकल केबल लावली. तिच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपणं आधी काढायची आणि केबल घडी पडेल अशी वाकवायची नाही. यातही टीव्हीवर 'ऑप्टिकल' निवडावं लागतं.

एवढ्यावर थांबू नका. पुष्कळ चॅनेलचा आवाज दोनच स्पीकरांपुरता येतो. तेव्हा संचाच्या रिमोटवर 'प्रो लॉजिक' किंवा तसा सराउंड प्रकार निवडला की बोलणं मधल्या स्पीकरवर येतं. मधल्याचा आवाज थोडा वाढवा, सबवूफरचा कमी करा. मधला स्पीकर टीव्हीखाली, बसलेल्या माणसाच्या कानाकडे तोंड करून ठेवा. वायरी भिंतीकडेने न्या, म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकायला नको.

आता आमच्याकडे आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही सासूबाई मध्येच मान डोलावतात, प्रवचन संपल्यावर त्यावर बोलतात. तरी कानाच्या डॉक्टरांकडे नेलंच. केबल म्हणजे काही तपासणी नव्हे.

घरातलं मोठं माणूस "काय म्हणाले?" हे विचारायचं थांबलं, तर त्याला ऐकू येतंय असं समजू नका बरं का. जवळ बसून एकदा विचारा.