तीन लाखांचा बेस

माझ्या भाच्याने पाच वर्षं लग्नसमारंभांत वाजवून बेस गिटारसाठी तीन लाख जमवले. "मामू, कोणता घेऊ?" मी म्हटलं, चकचकीत लाकूड नंतर बघ. पाच तारांचा असेल तर सर्वांत जाड तार आधी छेड. ती गढूळ वाजली तर बेस परत ठेव. पट्टा अडकवून अर्धा तास उभा राहा. गिटारची मान खाली कलत असेल तर रोज खांदा दुखेल. जेम्स जेमर्सनने मोटाउनची कितीतरी गाणी १९६२ च्या फेंडर प्रिसिजनवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवली. पैशाने हाताला आराम मिळतो, सूर मात्र बोटांनीच कमवायचा. म्हणून सगळे तीन लाख गिटारवर उधळू नकोस; चांगल्या ॲम्पसाठी काही राखून ठेव.