बिनदुधाचे सहा आठवडे

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंतर्गत परीक्षेचा पेपर मी अर्धा टाकून उठले. उत्तरं येत नव्हती असं नाही. कपाळाच्या उजव्या बाजूला, भुवईच्या वर कुणीतरी आतून खुंटी ठोकत होतं आणि वर्गातली ट्यूबलाइट डोळ्यांत घुसत होती. पर्यवेक्षक मॅडमनी विचारलं, "काय होतंय गं?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "सायनस आहे, मॅडम."

हे उत्तर मला दहावीपासून पाठ आहे. कुणा डॉक्टरने तपासून दिलेलं नाही. घरात, शेजारात सगळ्यांनी मिळून दिलेलं. माझं गाव नार्नूर. मंडळातल्या बहुतेकांना ते कुठे आहे हे सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते. आदिलाबाद जिल्ह्यात, उटनूरच्या पुढे. आधी निजामाच्या राज्यात, १९५६ नंतर आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात. राज्यं बदलली, घरातली मराठी राहिली. शाळेत तेलुगू, बाजारात तेलुगू-हिंदी-गोंडी-लंबाडी सगळं एकत्र, आणि चुलीपाशी आमची वऱ्हाडीकडे झुकणारी मराठी. थंडी मात्र कडक. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. अशा गावात पोरीचं कपाळ दुखलं, नाक चोंदलं की तो सायनसच. तेलुगूत म्हणा 'तलनोप्पी', मराठीत म्हणा डोकेदुखी, उपाय तेच: वाफ, बाम, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल.

त्या रात्री वसतिगृहात माझ्या खोलीतल्या ताईने नवा उपाय सांगितला. "दूध सोड. दुधाने कफ होतो, कफ कपाळात साठतो. माझ्या मावशीने सोडलं, तिचं सायनस गेलं." मी तिला म्हटलं, "चहासुद्धा?" ती म्हणाली, "सगळं. दही, पनीर, बिस्किटं, सगळं."

पेपर बुडाला होता. मी हो म्हटलं.

पण हे 'हो' माझ्या घरी किती महाग पडणार होतं ते तेव्हा लक्षात आलं नाही. आमच्याकडे एक म्हैस आहे. तिचं नाव काळी. तिचं थोडं दूध घरी, बाकीचं चार घरांना आणि बसस्टँडजवळच्या चहावाल्याला. त्याचे पैसे आजी पत्र्याच्या डब्यात टाकते. मी नागपूरला शिकायला निघाले तेव्हा वसतिगृहाची पहिली फी त्या डब्यातून भरली होती. नोटांना शेणाचा आणि धुराचा वास येत होता. कार्यालयातल्या खिडकीवर देताना मला लाज वाटली होती, आणि लाज वाटली म्हणून नंतर जास्त लाज वाटली.

पहिले तीन दिवस डोकं आणखी दुखलं. ताई म्हणाली, "शरीरातली घाण निघतेय." मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून उतार पडला. मग दहा-बारा दिवस एकदाही दुखलं नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले. मेसमध्ये ताटात वाटीभर दही आलं की शेजारणीला द्यायचे. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लागली. दूध किती ठिकाणी लपलेलं असतं! 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे पावडर', लोणी, तूप. वाढदिवसाचा केक आला तेव्हा मी फक्त मेणबत्ती फुंकणाऱ्यांत होते.

जानेवारीत घरून फोन आला. काळी व्यायली होती. आणि पौष पौर्णिमेची खांदेवाची जत्रा तोंडावर होती. आजी म्हणाली, "ये वं दोन दिवस. चीक ठेवला तुह्यासाठी."

ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांच्यासाठी सांगते. म्हैस व्यायल्यावर पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं तो चीक. आधी वासराचा वाटा, मग उरलेल्यात गूळ आणि वेलची घालून वाफवायचं की झाला खरवस. तेलुगूत त्याला 'जुन्नू' म्हणतात. शेजाऱ्यांना वाटतात, विकत नाहीत. आमच्या घरी पहिल्या वाटीचा मान माझा, मी लहान होते तेव्हापासून.

सकाळी उपाशीपोटी निघाले. नागपूरहून हिंगणघाट, पांढरकवडा, मग पैनगंगा ओलांडून आदिलाबाद. तिथून दुसरी बस. आदल्या रात्री असाइनमेंटपायी तीनच तास झोप झालेली. खिडकीतून ऊन सारखं डोळ्यांवर. घरी पोचले तेव्हा दुपार टळली होती. आजीने पाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच वाटी पुढे केली. वर जाळीदार भोकं पडलेला, थरथरणारा खरवस.

मी म्हटलं, "आजी, मी दूध सोडलं."

"काहून वं?"

"डोक्यासाठी. सायनससाठी."

"कोन सांगतलं तुले?"

मी ताईचं, तिच्या मावशीचं सांगितलं. आजीने वाटी हातातच धरून ठेवली होती. मग ती म्हणाली, "ह्याच म्हशीनं तुले नागपूर दाखवलं. थोडंसं त खाय." मी मान हलवली. तिने काही न बोलता वाटी शिंक्यावर ठेवली. संध्याकाळी ती शेजारच्या पोराने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जत्रेला गेलो. खांदेव हे गोंड समाजातल्या तोडसम कुळाचं दैवत. आम्ही त्या कुळातले नाही, पण जत्रेला सगळा गाव लोटतो. पूजेनंतर त्या कुळातली एक आत्याबाई देवासमोर तिळाचं तेल पिते. घोटभर नाही, दोन-अडीच किलो. असा नेम ती तीन वर्षं पाळते, मग दुसऱ्या आत्याचा नंबर. कुळाचं, पिकाचं, माणसांचं भलं व्हावं म्हणून. मी लहानपणापासून हे पाहत आले आहे, पण त्या दिवशी वेगळंच पाहत होते. ढोल वाजत होते, लोक श्वास रोखून उभे होते. आजी माझ्या कानाशी म्हणाली, "ते देवासाठी तेल पेली. तू कोनासाठी दूध सोडलं?"

टोमणा होता की प्रश्न, मला कळलं नाही. उत्तर दोन्हीचं नव्हतं.

त्याच रात्री डोकं उठलं. नुसतं दुखलं नाही. उजवा डोळा पाणावला, नाक वाहू लागलं, कंदिलाएवढा उजेडही सोसेना, आणि शेवटी उलटी झाली. दुधाचा थेंबही पोटात जाऊन महिना उलटला होता. आजी रात्रभर उशाशी बसली, कपाळाला हात लावून. "दूध सोडलं आज म्हयना झाला ना?" एवढंच एकदा म्हणाली. पुढचं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नागपूरला परतल्यावर मी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले. त्या बाईंनी नाकात बॅटरी टाकून पाहिलं, गालांवर, कपाळावर दाबून पाहिलं आणि मग नुसते प्रश्न विचारले. एकाच बाजूला दुखतं का? ठणकतं का? उजेड, आवाज नकोसा होतो का? मळमळतं का? काम सोडून पडावंसं वाटतं का? मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "हे सायनस नाही. मायग्रेन आहे."

मी म्हटलं, "पण नाक वाहतं, मॅडम." त्यांनी कागदावर चेहरा काढून दाखवला. सायनस म्हणजे आजार नव्हेच. कपाळात, गालांत, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे असलेल्या हवेच्या पोकळ्या त्या. चार जोड्या, सगळ्यांच्याच डोक्यात असतात. त्या सुजल्या तर नाक बंद होतं, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, वास कळेनासा होतो, कधी ताप येतो. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी जी मोठी नस आहे, तीच मायग्रेनमध्ये चेतते. म्हणून दुखणं पोकळ्यांच्या जागी जाणवतं आणि डोळा-नाक वाहतं. फसगत फक्त माझी झालेली नाही. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 'सायनसची डोकेदुखी' समजून चाललेल्या जवळजवळ तीन हजार लोकांना तपासलं, तर त्यातल्या ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनची निघाली.

मग दुधाचं काय? वाचनालयात बसून मी त्याचाही शोध घेतला. दुधावरचा आरोप जुना आहे. आपल्या आयुर्वेदात दूध-दही कफ वाढवणारं मानलं आहे, दही रात्री खाऊ नये असं सांगितलं आहे. तिकडे बाराव्या शतकातल्या मैमोनिदीज या वैद्यानेही दम्यावर लिहिताना दुधाने डोकं जड होतं असं म्हटलं होतं. म्हणजे ताईची मावशी एकटी नाही. पण १९९० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ६० निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू सोडले, ती किती दूध पितात ते लिहून ठेवलं आणि नाक पुसलेले कागद चक्क तोलून पाहिले. जास्त दूध पिणाऱ्यांचा शेंबूड जास्त भरला नाही. दूध प्यायल्यावर घसा चिकट वाटतो तो दूध आणि लाळ मिसळून झालेला दाटपणा असतो. नवा कफ नव्हे. ज्यांना दुधाची खरी ॲलर्जी आहे त्यांची गोष्ट वेगळी, आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांचं पोट बिघडतं, कपाळ नाही.

तरी एक प्रश्न उरला. मग ते दहा-बारा दिवस बरं का वाटलं? उत्तर डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या वहीत सापडलं. रोज काय खाल्लं, किती झोपले, कधी दुखलं, एवढंच लिहायचं होतं. मागचं आठवून लिहिलं तेव्हा दिसलं की दूध सोडण्याआधी मी दिवसाला पाच-सहा कप चहा पीत होते, शेवटचा रात्री बाराला. दुधाबरोबर चहा गेला. पहिले तीन दिवस डोकं जास्त दुखलं ते चहातलं कॅफिन एकदम बंद झाल्यामुळे. 'घाण निघणं' वगैरे काही नव्हतं. मग चहा नाही म्हणून झोप अकराला येऊ लागली आणि सकाळी भूक लागून नाश्ता होऊ लागला. आणि जत्रेच्या वेळी? तीन तास झोप, उपाशी पोट, दिवसभर ऊन. माझं डोकं कशाने उठतं ते त्या एका प्रवासात सगळं जमून आलं होतं. मी श्रेय दिलं दुधाच्या गैरहजेरीला, काम केलं झोपेने.

सहा आठवडे पुरे झाल्यावर मी दूध पुन्हा सुरू केलं, पण वही ठेवून. पंधरा दिवस रोज एक पेला. डोकं एकदा दुखलं, तेही जागरणानंतर. आता रात्री चहा नाही, नाश्ता चुकवायचा नाही, उन्हात टोपी. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. महिन्यातून एकदा-दोनदा येतं, डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घेतली की दोन-तीन तासांत ओसरतं. पेपर मात्र परत बुडाला नाही.

ताईवर माझा राग नाही. तिने जिव्हाळ्यानेच सांगितलं. ज्यांना दूध सोडायचंय त्यांनी खुशाल सोडावं. नाचणी आहे, तीळ आहेत, कॅल्शियम तिथेही भरपूर मिळतं. मध्य भारतातल्या कितीतरी आदिवासी समाजांत दूध वासराचं म्हणून पूर्वापार काढतच नसत, त्यांचं काही अडलं नाही. माझी चूक दूध सोडण्यात नव्हती. पाच वर्षं एक नाव कपाळाला चिकटवून फिरले आणि ते खरं आहे का हे कुणाला विचारलं नाही, ही चूक होती. मंडळातल्या कुणाचं असंच 'सायनस' असेल तर एवढंच सांगेन: सोडण्याआधी एकदा दाखवून या, आणि वही ठेवा.

उन्हाळ्यात घरी गेले. आजीला सगळं सांगितलं: पोकळ्या, नस, चहा, झोप. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मंजे म्हशीचा काई दोष नोता." मी म्हटलं, "नव्हता." ती उठून गोठ्यात गेली. मला वाटलं काळीला पाणी पाजायला गेली असेल. पण बराच वेळ तिचा बोलण्याचा आवाज येत होता, आणि गोठ्यात दुसरं कुणी नव्हतं.

आल्यावर तिने चहा ठेवला. दुधाचं भांडं हातात धरून विचारलं, "टाकू?"

"टाक," मी म्हटलं.

खरवस त्या वेळचा गेला तो गेलाच. काळी पुन्हा व्यायला अजून बरेच महिने आहेत. तोवर ही वही चालू ठेवायची आहे.