मॉसच्या झुपक्यात

अंटार्क्टिकात गेलो की पेंग्विन दिसणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण आपलं ‘मैत्री’ केंद्र किनाऱ्यापासून सुमारे 100 किलोमीटर आत, आणि पेंग्विनचं पोट समुद्रावर. माझं काम जनरेटरचं. प्राण्यांतलं मला ओ का ठो कळत नव्हतं. ‘‘मग इथे राहतं तरी कोण?’’ मी मोहिमेतल्या जीवशास्त्राच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘सुट्टी असेल तेव्हा चला माझ्याबरोबर.’’

आमचं केंद्र आहे तो शिर्माकर ओॲसिस म्हणजे बर्फाच्या मधोमध उघडा पडलेला खडकाळ पट्टा. प्रियदर्शिनी तळं ओलांडलं आणि एक तपकिरी पक्षी थेट डोक्यावर झेपावला. मी खालीच बसलो. ‘‘स्कुआ आहे. काठी डोक्यावर धरा आणि मागे फिरा!’’ तो सगळ्यांत उंच वस्तूवर झडप घालतो, म्हणून काठी. दगडांतला नुसता खळगा हेच त्याचं घरटं. पुढ्यात असून मला ते दिसलं नव्हतं.

वितळलेलं पाणी झिरपतं तिथे, दगडांच्या आडोशाला मॉस होतं, आपल्याकडे पावसाळ्यात कौलांवर येतं तसं. मॅडमकडे परवाना होता. चिमट्याने त्यांनी नखाएवढा तुकडा उचलला. ‘‘हे बघा, प्राणी.’’ मला फक्त वनस्पती दिसत होती.

तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी पिळला आणि ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. बराच वेळ वाळूचे कण नि बुडबुडेच. मग त्यातल्या एका कणाने पाय बाहेर काढले. एक, दोन... आठ! टोकांना नख्या. पाय टेकायला जागा शोधत तो डुलत चालला होता. टार्डिग्रेड, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. पाणी आटलं की हा पाय आत ओढून गोळी होतो, अंगातलं जवळपास सगळं पाणी जातं, जगणं थांबतं. पाणी मिळालं की पुन्हा सुरू.

‘‘किती वर्षं बंद राहून सुरू होईल?’’ माझ्या तोंडून आपसूक मेकॅनिकचा प्रश्न गेला. मॅडमनी जपानी संशोधकांचं काम सांगितलं. 1983 मध्ये अंटार्क्टिकातल्याच त्यांच्या स्योवा केंद्राच्या परिसरातून आणलेलं मॉस त्यांनी उणे 20 अंशांत ठेवलं आणि 2014 मध्ये वितळवलं. त्यातली टार्डिग्रेडची एक मादी हळूहळू हलली, खाऊ लागली, तिने 19 अंडी घातली. त्यांतल्या 14 अंड्यांतून पिल्लं बाहेर आली.

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. बाजूला दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत होतं.

‘‘मॅडम, हे कोण?’’

‘‘गोलकृमी. आणि त्याच्या डावीकडे बघा, अजून एक आहे.’’