पार्ट आपला, मजुरी त्याची

सामान आपलं आणि हात दुसऱ्याचे, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. गहू आपले, गिरणी दुसऱ्याची. कापड आपलं, शिलाई शिंप्याची. घरी कार्य असलं की आचारी यादी देतो आणि किराणा आपण भरतो. घर बांधायला काढलं तर गवंडी पहिला प्रश्न विचारतो, "मालासकट की नुसती मजुरी?" यात कुणाला राग येत नाही की कुणाचा अपमान होत नाही. मग गाडी दुरुस्तीला नेताना पार्ट आपण विकत घेऊन गेलो, तर मेकॅनिकचं तोंड का उतरतं?

हा प्रश्न माझा नाही, माझ्या भाच्याचा. तो पुण्याला असतो, इंजिनिअर आहे, आणि कुठलीही वस्तू घेण्याआधी चार ठिकाणचे भाव मोबाईलवर बघितल्याशिवाय राहत नाही. चांगली सवय आहे, मी नावं ठेवत नाही.

आमची वॅगन आर २००९ सालची. पंधरा वर्षं भरल्यावर रीतसर पुन्हा नोंदणी करून घेतलेली. गेल्या पावसाळ्यानंतर ती कुरकुरायला लागली. पन्हाळ्याच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, पण गाडी काही उचलायची नाही. आमचा मेकॅनिक म्हणाला, "बाई, क्लच गेला." (तो माझा विद्यार्थी. सातवी ब. निबंधात कधी पाचाच्या वर मार्क मिळाले नाहीत, पण शाळेची घंटा बिघडली की शिपाई त्यालाच शोधत यायचा.) त्याने हिशेब सांगितला, क्लचचा सेट ४,२०० आणि मजुरी २,०००, एकूण ६,२००.

भाच्याने फोनवर हे ऐकलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, "आत्या, तोच सेट, त्याच कंपनीचा, मला ३,१०० ला मिळतोय. मी पाठवतो. त्याला फक्त बसवायला सांग." चौथ्या दिवशी खोकं दारात.

क्लचचा सेट म्हणजे तीन वस्तू असतात: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. वस्तू तीनच, पण त्या बसतात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे. म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. बसवणं थोड्या वेळाचं, पण उघडणं आणि पुन्हा जोडणं यात माणसाचा जवळजवळ दिवस जातो. हे मला आधी ठाऊक नव्हतं, त्याने गाडीखाली बॅटरीचा उजेड पाडून दाखवलं तेव्हा कळलं.

खोकं बघून तो काही बोलला नाही. त्याने डब्यावरचा होलोग्राम बघितला, पार्ट नंबर गाडीच्या चॅसी नंबरवरून ताडून पाहिला. हे करावंच लागतं, कारण गाडीचं नाव एक असलं तरी पोटात काय आहे ते वेगळं असू शकतं. वॅगन आरचंच बघा ना, २०१० पर्यंत तिला १०६१ सीसीचं इंजिन होतं, त्या वर्षी आलेल्या नव्या मॉडेलला ९९८ सीसीचं निराळंच आलं. नुसतं 'वॅगन आरचा क्लच द्या' म्हणून भागत नाही.

नंबर जुळला. पार्ट अस्सल होता. मग तो म्हणाला, "बाई, पार्ट चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण उद्या क्लच घसरला तर तुम्ही फोन कुणाला करणार? मलाच की! पार्ट वाईट निघाला का माझं फिटिंग चुकलं, हे ठरवायचं कुणी? आणि गिअरबॉक्स परत खाली घ्यायचा तर तो दिवस कुणाच्या खात्यावर?"

मी तिथूनच भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, त्याचं कमिशन बुडलं म्हणून तो असं बोलतोय."

मी शाळेत चौतीस वर्षं दोन मुलांची भांडणं सोडवली आहेत. अनुभव असा की बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात, फक्त अर्धं अर्धं. मी मेकॅनिकला सरळ विचारलं, "अरे, तुला पार्टात काय सुटतं?" आधी लाजला, मग त्याने सांगितलं. उद्यमनगरातला दुकानदार त्याला तो सेट ३,४०० ला देतो. म्हणजे त्याला वर ८०० सुटतात. "मजुरी खरी सांगितली तर गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजात जातंय बाई. पार्टात सुटतंय म्हणून मजुरी कमी सांगतो."

बघा, इथे खरी गोम आहे. दोन हजार मजुरी अधिक आठशे, म्हणजे दिवसभराच्या कामाचे, जागेच्या भाड्याचे, हाताखालच्या पोराच्या पगाराचे आणि काम बिघडलं तर पुन्हा करून देण्याच्या हमीचे मिळून २,८००. ही त्याची खरी मजुरी. पण ती उघडपणे मागायची त्याला चोरी, कारण आपण पार्टाचे चार हजार बिनतक्रार देतो आणि मजुरीचे अडीच हजार ऐकले की म्हणतो, "अहो, एवढं काय त्यात?" वस्तू डब्यात असते, तिच्यावर किंमत छापलेली असते. हाताच्या कामावर एमआरपी कुठे छापलेली असते?

आता गिरणीकडे वळू या. पिठात खडा लागला तर आपण गिरणीवाल्याशी भांडत नाही, गहू निवडलेले नव्हते हे आपल्याला कळतं. शिंप्याकडे कापड आटलं तर कापड कुणाचं आणि शिवण कुणाची हे डोळ्यांना दिसतं. शिवाय दळणाचा दर, शिलाईचा दर आधीच ठरलेला असतो. त्याला पिठात किंवा कापडात काही काढायचं नसतं. म्हणून सामान आपलं असलं तरी चालतं. गाडीच्या बाबतीत मजुरी अर्धी पार्टात दडलेली, आणि बिघाड कुणामुळे झाला ते सहजासहजी कळत नाही. आपण त्यांना सुटे भाग म्हणतो खरं, पण त्यांच्याबरोबर जबाबदारी सुटी करून आणता येत नाही.

मी नोकरीत असताना काही पालक गाईड घेऊन यायचे. "बाई, यातूनच शिकवा, यातलंच येतं." मी म्हणायची, शिकवते, पण निकालाचं विचारायला मग गाईड छापणाऱ्याकडे जा. माझा मेकॅनिक याहून वेगळं काही म्हणत नव्हता.

याचा अर्थ भाचा चुकीचा होता असंही नाही. पार्ट कुठून घ्यायचा हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आणि तो सहज मिळालेला नाही. मोटार कंपन्या सुटे भाग आणि बिघाड शोधायची यंत्रं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, आणि त्यामुळे गिऱ्हाईक त्यांच्याच दाराशी अडकतं, म्हणून २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, ते असो. पण आपल्या पेठेतल्या मेकॅनिकलाही पार्ट मिळाला पाहिजे, ही गोष्ट त्यात मान्य झाली. शिवाय पक्कं बिल आपल्या नावावर असलं की पार्टाच्या वॉरंटीसाठी आपण स्वतः भांडू शकतो. फक्त एक विसरायचं नाही. अशी वॉरंटी सहसा पार्टापुरती असते. खराब पार्टाच्या जागी नवा मिळेल, पण गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायची मजुरी त्यात नसते.

शेवटी मी असं ठरवलं. पार्ट भाच्याचाच बसवायचा, पण मजुरी पूर्ण २,८०० द्यायची. आणि बिलावर दोन ओळी लिहून घ्यायच्या: 'पार्ट गिऱ्हाइकाचा. फिटिंगची जबाबदारी सहा महिने माझी.' त्याने त्या लिहिल्या. जबाबदारीतला 'बा' ऱ्हस्व काढला, तो मी तिथल्या तिथे सुधारून घेतला.

भाच्याने हिशेब केला. "आत्या, ३,१०० आणि २,८०० म्हणजे ५,९००. इतकं करून तीनशेच वाचले?" मी म्हटलं, हो, आणि हे तीनशे खरे वाचले. बाकीचे आठशे वाचत नव्हते, ते त्याच्या खिशातून येत होते.

हल्ली खोकी घेऊन येणारी गिऱ्हाइकं वाढली आहेत असं तो म्हणतो. वाढणारच. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला आहे, नातेवाईक मंडळींना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. बॅटरी, टायर, वायपर, बल्ब या वस्तू खुशाल आपण आणाव्या, त्यात उघडाउघडी फार नसते आणि बॅटरी-टायरला स्वतःची वॉरंटी असते. ऑइल आणि फिल्टर आणायचे तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचे, आणि आधी मेकॅनिकला विचारून. क्लच, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, चाकाचं बेअरिंग यांत पार्टापेक्षा उघडण्याचं काम मोठं, तिथे पार्ट आणि काम एकाच हाती असलेलं बरं. आणि ब्रेकमध्ये काटकसर करूच नये.

तरीही पार्ट आपणच आणायचा असेल तर जरूर आणा. चॅसी नंबरवरून घ्या, गाडी खोलायच्या आधी दाखवा, काढलेला जुना पार्ट मागून घ्या. फक्त मजुरी आधी विचारा, आणि आकडा ऐकून कपाळाला आठ्या घालू नका.