भिंतीवर न मावलेली नावं

कंडक्टरला 'सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट' म्हटलं असतं तर तो माझ्याकडे बघतच राहिला असता. 'अफगाण चर्च' म्हणताच त्याने तिकीट फाडलं. ससून डॉक मागे पडला, सुक्या मासळीचा वास थोडा वेळ बसमध्ये रेंगाळला आणि नेव्हीनगरच्या रस्त्यावर झाडांच्या वर तो टोकदार मनोरा दिसला. उंची सुमारे साठ मीटर. चर्च बांधलं तेव्हा कुलाबा लष्करी छावणीचा भाग होता. सरकारने जागा देताना अट घातली होती, की बंदरात शिरणाऱ्या जहाजांना हे शिखर दुरून दिसलं पाहिजे. आज आजूबाजूला उंच इमारती आहेत, तरी रस्त्यावरून नजर आधी त्याच्याकडेच जाते.

4 डिसेंबर 1847 रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी पायाभरणी केली. आराखडा हेन्री कोनीबेअरचा. मुंबईला विहार तलावाचं पाणी मिळालं ते याच अभियंत्याच्या योजनेतून, हे वाचल्यापासून मला त्याच्याविषयी आपुलकी वाटते. भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड, खांब-कमानींना पोरबंदरचा, आणि फरशा थेट इंग्लंडहून आणलेल्या. 7 जानेवारी 1858 रोजी बिशप हार्डिंग यांच्या हस्ते चर्च उपासनेसाठी खुलं झालं. मनोरा मात्र 1865 साली पुरा झाला. अँग्लिकन पंथाचं हे चर्च 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे आणि पालिकेच्या वारसा यादीतली संरक्षित वास्तू आहे.

आत शिरलो तेव्हा बाहेर श्रावणसर कोसळत होती. ओली छत्री कुठे ठेवावी कळेना. तिथल्या रखवालदाराने पुढच्या बाकाच्या पाठीकडे बोट दाखवलं, "तिथं टेकवा." लाकडात अर्धगोल खाच होती, कडा हाताळून गुळगुळीत झालेली. छत्रीचा दांडा तिच्यात अलगद बसला. मग त्यानेच सांगितलं, या खाचा बंदुकांसाठी. मेरठचा उठाव रविवारी झाला होता. त्यानंतर गोरे सैनिक प्रार्थनेलाही शस्त्र घेऊन जात. मी त्या खाचेवरून बोट फिरवत बसलो. देवासमोर गुडघे टेकताना हाताशी बंदूक लागावी, एवढी भीती त्यांच्या मनात घर करून होती.

पण मी आलो होतो भिंतीवरच्या नावांसाठी, सिंध-अफगाणिस्तानच्या मोहिमेत पडलेल्यांच्या. 1838 च्या अखेरीस मुंबईची फौज जहाजांनी सिंधच्या किनाऱ्यावर उतरली, तिथून पायी कंदाहार, जुलै 1839 मध्ये गझनी, मग काबूल. शाह शुजाला गादीवर बसवायचं, रशियाला अडवायचं, हा इंग्रजांचा बेत. तो पुरता फसला. जानेवारी 1842 मध्ये काबूलमधून निघालेली सुमारे सोळा हजार माणसं, त्यांतली बहुसंख्य हिंदुस्थानी शिपाई आणि नोकरचाकर, बर्फात आणि गोळ्यांखाली संपली. जलालाबादच्या तटाशी त्या 13 जानेवारीला एकच युरोपीय पोचला, डॉक्टर ब्रायडन. काबूलची ती फौज बंगालची, पण मुंबईच्या पलटणींनीही सिंध आणि अफगाणिस्तानात माणसं गमावली होती.

हे चर्च त्या सगळ्यांचं स्मारक. वेदीजवळच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. स्मृतिलेख म्हणतो, की हे स्मारक त्यांचं आहेच, शिवाय साध्या शिपायांचंही आहे. पण ते इतके, की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मनोऱ्याला साठ मीटर दगड पुरला आणि नावांना भिंत पुरली नाही, हे मला पटत नाही.

मी दापोलीचा. जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात; निवृत्त शिपाई तिथे पेन्शन खात. मुंबईच्या पलटणींत कोकणातले मराठे, महार शिपाई भरपूर होते. आमच्या घरातही कुणी एक जण सिंधात गेला आणि परतला नाही, असं लहानपणी ऐकलं होतं.

पाऊस ओसरल्यावर व्हरांड्यात येऊन काकांना फोन लावला. "काका, आपल्याकडचा तो सिंधात गेलेला, त्याचं नाव काय होतं?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. "नाव नाही रे ठाऊक," ते म्हणाले. "पलटणीतला आजा, एवढंच म्हणायचे."